बंद पडण्याची वेळ

स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ



या व्यासपीठावरून संतसाहित्य, पाणी, शेती, इतिहास अशा विषयांवर मोठमोठी माणसं बोलून गेली आहेत. घरातला संगणक अचानक बंद का पडतो, हा विषय त्या रांगेत काहींना लहान वाटेल. मला तो लहान वाटत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या गुरुजींनी गावातल्या कित्येक पिढ्यांना विज्ञान शिकवलं ते प्रयोगवहीच्या आधाराने. डाव्या पानावर काय दिसलं, उजव्या पानावर त्यावरून काय वाटलं. दोन्ही एकाच पानावर लिहिलेलं त्यांना चालत नसे. त्या दोन पानांची आज सगळ्यात जास्त गरज मला घरच्या संगणकापाशी दिसते, म्हणून हा विषय निवडला.

प्रकार सर्वांच्या ओळखीचा आहे. काम चालू असतं, टक्‌ असा बारीक आवाज होतो, पडदा काळा होतो, पंखे थांबतात. सूचना नाही, इशारा नाही. पुन्हा चालू केला तर कधी तासभर चालतो, कधी पाचच मिनिटं. दुकानात नेला की पहिलं वाक्य ठरलेलं: फॉरमॅट मारून बघू. फॉरमॅट मारला जातो. त्यात कुणाच्या लग्नाचे फोटो जातात, कुणाची शाळेची निकालपत्रकं जातात. चार दिवसांनी संगणक पुन्हा बंद पडतो. मग रॅम बदलली जाते, मग एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मग मदरबोर्डच गेलाय असं सांगितलं जातं. प्रत्येक पायरीला पैसे. आणि या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारलेला नसतो: हा बंद पडतो तरी केव्हा?

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्या टेबलावर संगणक दिवसभर चालतो. तिथे वीज वेगळी, जागा मोकळी, डोक्यावर पंखा. कधीमधी येणारा दोष त्याला दिसतच नाही, आणि गिऱ्हाईक तर दारात उभं. तो दोष ज्याच्या समोर घडतो, तो माणूस घरात आहे. त्यामुळे अर्धं निदान घरातच व्हायला हवं, आणि ते होऊ शकतं, हे मला आज सांगायचं आहे.

सुरुवातीला एक गोष्ट मनात पक्की करू. अचानक बंद होणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतो, बिघाडापासून केलेला बचाव असतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणून आपण व्हॉल्व्हला शिव्या देत नाही, शिट्टी का अडकली ते पाहतो. संगणकात असे व्हॉल्व्ह अनेक ठिकाणी बसवलेले आहेत आणि त्यांची परंपरा जुनी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक हा संगणक जगापुढे आला. सतरा हजारांहून अधिक निर्वात नळ्या, सुमारे १५० किलोवॅट वीज, आणि त्या विजेची सगळी उष्णता एका दालनात. त्याच्या कपाटांमध्ये तापमानावर नजर ठेवणारे थर्मोस्टॅट होते. एखाद्या कपाटातलं तापमान ११५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४६ अंश सेल्सियसच्या वर गेलं की यंत्र थांबत असे. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरची हवाच त्या आकड्यापर्यंत पोहोचते.

आजचा प्रोसेसर हेच काम स्वतःच्या पोटात करतो. पुष्कळशा प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. तापमान तिथे पोहोचलं की तो आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागलं नाही आणि पारा चढतच राहिला, तर तो मदरबोर्डला वीज तोडण्याचा इशारा देतो आणि क्षणात सगळं बंद होतं. त्या वेळी विंडोजला काही सांगायची सवड नसते, म्हणून पडद्यावर अक्षरही उमटत नाही. ही सोय नसली तर काय होतं, हे २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एका चित्रफितीत दाखवलं होतं. चालू संगणकांच्या प्रोसेसरवरचे हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे, त्यांनी काढून घेतले. इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला, समोरचा खेळ संथ झाला पण थांबला नाही. पेंटियम ३ जागच्या जागी गोठला, पण वाचला. एएमडीच्या त्या काळच्या ॲथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला. तो पाहिल्यावर अचानक बंद पडणाऱ्या संगणकाबद्दल राग येत नाही. तो आपल्याला वाचवण्याचाच प्रयत्न करत असतो.

आता वेळेकडे येऊ, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तोच आहे.

उष्णतेला वेळ लागतो, विजेला लागत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर निम्मे संशयित आपोआप सुटतात. जड खेळ सुरू केला, किंवा व्हिडिओ तयार करायला लावला, आणि दहा-पंधरा मिनिटांनी संगणक गेला. लगेच चालू केला तर आधीपेक्षा लवकर गेला. अर्धा तास थांबून चालू केला तर पुन्हा दहा-पंधरा मिनिटं चालला. हे उष्णतेचं वागणं आहे. याउलट खेळ सुरू होताहोताच गेला, आणि बटण दाबूनही हलेना, भिंतीवरचं बटण बंद करून थोडं थांबलं तेव्हा कुठे चालू झाला. हा बहुधा एसएमपीएसचा बचाव आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रवाह ओढला गेला की तो स्वतःला कुलूप घालतो, आणि मागची वीज पूर्ण तुटल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. तिसरा प्रकार असा की संगणक नुसता पडून असतो, कुणी हातही लावलेला नसतो, आणि तरी जातो. तिथे प्रोसेसरवर संशय घेण्यात अर्थ नाही. तिथे भिंतीकडे पाहायचं, म्हणजे सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस आणि घरात येणारी वीज.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. प्रोसेसर खोलीच्या तापमानावर ठरावीक भर घालतो. एकाच कामाला जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना तो ८० अंशांवर जात असेल, तर मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेल्यावर तोच संगणक, तेच काम, १०० अंश. यंत्रात काहीही बिघडलेलं नाही, ऋतू बदलला आहे. म्हणून हिवाळ्यात तपासून आणलेला संगणक उन्हाळ्यात बंद पडला की दुरुस्ती वाईट झाली असं समजू नये. त्यातून आपल्या घरांत कॅबिनेट ठेवायची जागा ठरलेली: टेबलाच्या खालचा लाकडी खण, मागे भिंत, पुढे दार, आणि धूळ बसू नये म्हणून वर क्रोशाचा रुमाल. आत गेलेली गरम हवा तिथेच फिरत राहते. ज्या घरांत हे पाहिलं तिथे मी आधी तो खण रिकामा करायला सांगतो, पाना-पेचकस नंतर.

धुळीचं मात्र मनापासून सांगतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये साचलेली धूळ वरून दिसत नाही, कारण ती पंख्याच्या खाली नमद्यासारखी घट्ट बसलेली असते. पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, हवा मात्र पुढे जात नाही. साफ करताना संगणक बंद करून भिंतीतली पिन काढायची, ब्लोअरने हवा मारायची, पण पंख्याचं पातं बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवायचं. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलट वीजही निर्माण करते. दिवाळीच्या साफसफाईनंतर बंद पडू लागलेले संगणक दरवर्षी माझ्याकडे येतात. त्यांत एक कारण हमखास सापडतं. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणारा पंखा २००४ नंतर बरीच वर्षं चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर मदरबोर्डला बसवला जात असे. कॅबिनेट आडवं करताना, हलवताना त्यातला एक खिळा निसटतो. पंखा जागेवर दिसतो, पण हीटसिंक एका कोपऱ्यातून केसभर उचललेला असतो. केसभर फट पुरते. मधली थर्मल पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झाले असतील तरी तेच. ती खरवडून, स्पिरिटने पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली की काम होतं. डबीभर लावणारे लोक आहेत. त्याने फायदा होत नाही.

तापमान अंदाजाने सांगू नये, मोजावं. संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेत, गेलात तर तिथे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. विंडोज चालू असताना पाहायचं तर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखी मोफत साधनं आहेत. बायोसचा आणखी एक उपयोग आहे. संगणक बायोसच्या पडद्यावर नेऊन तसाच तासभर सोडून द्या. तिथे विंडोज नाही, व्हायरस नाही, ड्रायव्हर नाही. तिथेही तो बंद पडला, तर फॉरमॅट मारण्याचं कारण संपलं. एवढी एक चाचणी घरोघर झाली तर महाराष्ट्रातले किती फोटो वाचतील!

विजेची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे आणि आपल्याकडे तिचाच त्रास जास्त. २००५ च्या आसपासचं भारनियमन तुम्हा सर्वांना आठवत असेल. त्या काळात घरोघर यूपीएस आले, आणि संगणक घेतला की यूपीएस घ्यायचाच, हा रिवाज झाला. त्यांतले बरेच आजही टेबलाखाली आहेत. बॅटरी मात्र अमर नसते. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षं चांगली चालते, उकाड्यात त्याहून कमी. आणि ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. असे बरेच यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच पेलतात. त्याच्यावर लेझर प्रिंटर लावला तर छपाईच्या क्षणी सगळं बंद पडणारच.

इथे एक अनुभव सांगतो. एका तालुक्याच्या गावात डीटीपीचं काम करणाऱ्या एक ताई आहेत. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे फॉर्म, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्या घरातून करतात. त्यांचा संगणक दिवसातून कितीतरी वेळा जायचा. फॉरमॅट झाला होता, रॅम बदलली होती, मदरबोर्डही बदलला होता. मी त्यांना एवढंच सांगितलं की कॅलेंडरवर त्या त्या दिवसाच्या चौकोनात बंद पडल्याची वेळ लिहा, दुसरं काही लिहू नका. आठवडाभराने कॅलेंडर पाहिलं तर वेळा सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचनंतर दाटलेल्या, आणि गुरुवारचा चौकोन कोरा. ताईंनीच वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, गुरुवारी शेजारची गिरणी बंद असते."

कारण उलगडलं ते असं. पिठाच्या गिरणीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. त्या क्षणी त्या वाहिनीवरचा दाब खाली येतो. घरातला दिवा नुसता मिचकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये मोठे कपॅसिटर असतात. वीज पूर्ण गेली तरी ते संगणकाला क्षणभर तगवून धरतात. एटीएक्स पद्धतीच्या एसएमपीएसकडून ही अपेक्षा पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंदांची असते, आणि आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे जवळजवळ एक आख्खा हेलकावा गिळून टाकण्याची ताकद त्यात असते. मग ताईंचा संगणक का जात होता? त्यांच्या यूपीएसमुळे! दाब उतरला की यूपीएस आपलं कर्तव्य म्हणून भिंतीची वीज सोडून बॅटरीकडे वळत होता, आणि बॅटरी मेलेली होती. यूपीएस काढून संगणक थेट भिंतीला लावला तर गिरणी सुरू होताना तो तग धरून राहिला. नवी बॅटरी आणली, यूपीएस परत लावला, तेव्हापासून तक्रार नाही. मदरबोर्ड निष्कारण बदलला गेला होता. जुना मदरबोर्ड त्यांनी फेकला नव्हता. तो आजही चांगला आहे.

यूपीएस तपासायला यंत्र लागत नाही. काम साठवून ठेवा आणि संगणक चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा. पाच मिनिटं चालला पाहिजे. लगेच गेला तर बॅटरी संपली. यूपीएसशिवाय दोन दिवस चालवून पाहा. त्रास थांबला तर दोषी सापडला, वाढला तर यूपीएस निर्दोष. एक्स्टेन्शन बोर्डातली पिन हलवून पाहा. सैल झालेल्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते आणि संगणक जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे, हे समजून आधी वायरमनला बोलवा. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० अशी लाल सरकती कळ असते. ती आपल्याकडे २३० वरच हवी. मुलांनी कुतूहलाने ती सरकवली तर धमाका होतो.

एक ताकीद इथेच देतो, आणि ती कळकळीची आहे. कॅबिनेटचं झाकण उघडा, धूळ काढा, रॅम काढून बसवा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२० व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात. पावसाळ्यात त्यात पाल जाते, मुंग्या घर करतात, हे खरं आहे. तरीही तो डबा जाणत्या माणसानेच उघडावा.

कपॅसिटरचं नाव निघालं म्हणून थोडं थांबतो. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभरचे मदरबोर्ड एका वेगळ्याच रोगाने गेले. त्यांवर लहान नळकांड्यांसारखे ॲल्युमिनियमचे कपॅसिटर असतात. त्यांतला काही कंपन्यांचा द्रव सदोष होता. आत हळूहळू वायू तयार होई, सपाट माथा फुगे, आणि शेवटी माथ्यावरच्या खाचांतून तपकिरी रस बाहेर येई. डेल कंपनीने २००५ मध्ये अशा संगणकांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते, यावरून आवाका कळावा. लक्षण मोठं फसवं होतं. सकाळी थंड संगणक दोन-तीनदा बटण दाबल्यावर चालू व्हायचा, एकदा तापला की बरा चालायचा, आणि महिन्यागणिक बिघडत जायचा. तो सदोष माल आता बाजारात नाही, पण चांगला कपॅसिटरही म्हातारा होतोच. त्याच्यावर १०५ अंश, २,००० तास असं काही लिहिलेलं असतं. दर १० अंश कमी तापमानाला त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांवर ३२,००० तास, रोज आठ तास वापरला तर जवळपास अकरा वर्षं. तोच ७५ अंशांवर राहिला तर निम्मं. लाकडी खणाने किती वर्षं खाल्ली, याचा हिशेब आता तुम्हीच करू शकता. झाकण उघडून टॉर्चने माथे पाहा. फुगलेला माथा साध्या डोळ्यांना दिसतो.

सॉफ्टवेअरमुळे संगणक बंद होतच नाही असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा इंटरनेटवर सुटला. विंडोज एक्सपीच्या संगणकांवर एक चौकट येई, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. किड्याच्या हल्ल्याने विंडोजची एक महत्त्वाची सेवा कोसळत होती, आणि ती कोसळली तर संगणक पुन्हा सुरू करावा, असा नियम विंडोजमध्येच होता. इथेही बचावच. ज्या छिद्रातून तो शिरत होता, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिली होती. लावली फार थोड्यांनी. त्यातून शिकण्यासारखं एवढं की सॉफ्टवेअर सहसा काहीतरी सांगून जातं. मोजणी दिसते, निळा पडदा दिसतो, निदान नोंद तरी राहते. निळा पडदा दिसायच्या आतच संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट करण्याची खूण काढून टाका. मग पडदा थांबून राहतो आणि वाचता येतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

ही नोंद संगणक स्वतः ठेवतो, आणि ती वाचायला फार थोडे लोक जातात. स्टार्टमध्ये ईव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम उघडा. क्रमांक ६००६ म्हणजे संगणक रीतसर बंद झाला. १०७४ म्हणजे कुणीतरी किंवा कुठल्या तरी कामाने, बहुधा अपडेटने, बंद करायला सांगितलं. रात्रीतून आपोआप बंद झालेल्या कित्येक संगणकांचं रहस्य एवढंच असतं. ६००८ म्हणजे मागच्या वेळी अनपेक्षित बंद झाला, आणि सोबत वेळ दिलेली असते. कॅलेंडरवर लिहायला विसरलात तरी ती इथे मिळेल. आणि क्रमांक ४१, कर्नल-पॉवर. हा तांबड्या रंगात दिसतो आणि लोक घाबरतात, दुकानातही त्यावर बोट ठेवून मदरबोर्ड गेला असं सांगतात. ४१ चा अर्थ फक्त इतका की आधी नीट बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला. ते कारण नव्हे, परिणामाची नोंद आहे. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर निळ्या पडद्याची खूण मागे राहिलेली नाही. वीज तुटली किंवा यंत्र जागीच गोठलं, असा तर्क करायला जागा आहे. पॉवर बटणाची वेळ शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. बटण चार सेकंद दाबलेलं राहिलं तर संगणक वीज तोडून बंद होतो, आणि जुन्या कॅबिनेटचं बटण आत अडकून तेच करतं. बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून ठेवली आणि त्रास थांबला, तर दोष त्या चिमुकल्या बटणाचा.

हार्ड डिस्कही हजेरी ठेवते. वीज अचानक गेली तर फिरत्या तबकडीच्या मोटरमध्ये उरलेल्या वेगातून वीज काढली जाते आणि त्या विजेवर वाचणारं डोकं सुरक्षित जागी नेलं जातं. हे किती वेळा करावं लागलं, याची मोजदाद अनेक डिस्कांमध्ये होते. नव्या एनव्हीएमई डिस्कांमध्ये असुरक्षित बंद होण्याचा आकडाच वेगळा असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनात तो दिसतो. आज लिहून ठेवा, महिन्याने पाहा. अशा प्रत्येक तुटीत माहिती बिघडण्याचा धोका असतो, म्हणून तपास सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवायची. बाकी सगळं त्यानंतर.

लॅपटॉपबद्दल दोनच गोष्टी. तीस टक्के बॅटरी दाखवत असताना तो बंद होत असेल तर बॅटरी थकली आहे. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. आणि टचपॅड वर उचललं गेलं असेल, खालचं झाकण फुगलं असेल, तर तो लगेच बंद करा, चार्जर काढा आणि वापर थांबवा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

आता अडचणीचं बोलू. नोंदीवरून संशय एकावर येतो, पण तो खरा की खोटा हे ठरवायला दुसरा, खात्रीचा चांगला भाग लागतो. एसएमपीएसवर संशय असेल तर चांगला एसएमपीएस लावून दोन दिवस पाहायचं. व्होल्टमीटरने १२ व्होल्टची तार मोजता येते, ती ११.४ ते १२.६ च्या आत असली पाहिजे. पण क्षणाची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. रॅमवर संशय असेल तर मेमटेस्ट रात्रभर चालवायचा आणि एकेक पट्टी काढून पाहायची. एका वेळी एकच बदल, आणि उपयोग झाला नाही तर जुना भाग परत जागेवर. दोन भाग एकदम बदलले आणि त्रास थांबला, तर कुणामुळे थांबला ते कधीच कळत नाही. दुकानाला हे जमतं कारण त्याच्याकडे सुटे भाग असतात. घरच्या माणसाकडे नसतात, म्हणून त्याला प्रत्येक संशयाची किंमत नवा भाग विकत घेऊन मोजावी लागते. गावात अडून बसलेली गोष्ट हीच आहे. ज्ञान कमी नाही, सुटा भाग नाही.

म्हणून या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. वाचनालयाच्या एका कपाटात एक चांगल्या प्रतीचा एसएमपीएस, नव्या बॅटरीचा एक यूपीएस, डीडीआर३ आणि डीडीआर४ रॅमची एकेक पट्टी, एक मल्टिमीटर, थर्मल पेस्टची नळी, आणि मेमटेस्ट व लिनक्स घातलेले दोन पेन ड्राइव्ह ठेवावेत. सभासदाला पुस्तक देतो तसेच ते आठवड्यासाठी द्यावेत, अनामत घेऊन. एसएमपीएस उघडायचा नाही, ही अट पावतीवर छापावी. गावातल्या दुरुस्तीवाल्या तरुणांनाही बोलवावं. त्यांचं काम यातून कमी होणार नाही, नेमकं होईल. शनिवारी संध्याकाळी दोन तास कुणी जाणतं माणूस तिथे बसलं तर पेस्ट लावायला, खिळे बसवायला मदत होईल. ते काम सुरुवातीला मी करायला तयार आहे. मल्टिमीटर आणि एसएमपीएस मी आज सोबत आणले आहेत, ते कार्यवाहांकडे देऊन जातो. यूपीएसची बॅटरी दर दोन वर्षांनी बदलावी लागेल, तेवढी तरतूद अंदाजपत्रकात करावी.